फिटचा रोजमेळ: झटक्यांची नोंद, निमित्तांचा शोध आणि गोळी लागू पडेपर्यंतची वाट

तव्यावरची पोळी जळून काळी झाली होती आणि मी हातात उलथनं धरून तिच्याकडे बघत उभी होते. मधली दीड-दोन मिनिटं माझ्या हिशेबात नव्हतीच. दारात उभी असलेली माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, तू ओठ चाटत होतीस आणि ओढणी नुसती चुरगाळत होतीस. मी तीन हाका मारल्या." त्याआधी दोन वर्षं घरात सगळे म्हणत, हिचं लक्ष नसतं. मीही तेच मानून चालले होते. फिट म्हणजे माणूस धाडकन पडतो आणि तोंडाला फेस येतो, एवढंच मला माहीत होतं.

मी पुण्यात कोथरूडला राहते आणि मार्केट यार्डात एका आडत्याकडे हिशेब लिहिते. आज माझा आजार बऱ्यापैकी आटोक्यात आहे, आणि त्यात गोळ्यांइतकाच वाटा एका दोनशे पानी वहीचा आहे. फिट येते तेव्हा डॉक्टर समोर नसतात, आणि रुग्ण तिथे असूनही नसतो. म्हणून घडलेली गोष्ट डॉक्टरांच्या टेबलापर्यंत घेऊन जाण्याचं काम आपल्याला आणि आपल्या माणसांनाच करावं लागतं. ते कसं करायचं, हे मी इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती आणि किती दिवस, हे न्यूरॉलॉजिस्टच, म्हणजे मेंदूचे डॉक्टरच, ठरवतील.

झटका आला त्या पाच मिनिटांत

सर्वांत आधी घड्याळ बघा. जवळच्या माणसाला दोन मिनिटंही अर्ध्या तासासारखी वाटतात, म्हणून अंदाजावर जाऊ नका. आजूबाजूची खुर्ची, गरम भांडं, काच बाजूला करा. डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल किंवा स्वतःचा हात ठेवा, चष्मा काढा, गळ्याशी आवळलेलं बटण सोडा. थरथर कमी होऊ लागली की माणसाला हलकेच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी घशात न जाता बाहेर येते.

तोंडात चमचा, बोट, रुमाल, पाणी काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही. चावली गेली तरी ती भरून येते. पण चमच्याने तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेततं. हातपाय दाबून धरू नका, त्याने फिट थांबत नाही, खांदा मात्र निखळू शकतो. कांदा, चप्पल, हातात किल्ली हे आपल्याकडे अजून चालतं. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि तेवढ्या वेळात चप्पल नाकाशी आलेली असते, म्हणून श्रेय तिला मिळतं. गर्दीत कोणी असं करायला लागलं तर शांतपणे म्हणायचं, "मला ठाऊक आहे काय करायचं, तुम्ही जरा वारा येऊ द्या."

फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, बाई गरोदर असली, मधुमेह असला, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असली, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. लांबणाऱ्या फिटसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो. तो तुम्हाला हवा का, किती फवारे आणि कधी, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या दोघांना तरी शिकवून ठेवा.

थांबल्यावर माणूस गोंधळलेला असतो. मी एकदा शुद्धीवर येताना नवऱ्याला "तुम्ही कोण?" असं विचारलं होतं. अशा वेळी उठवून चालवू नका, प्रश्नांचा भडिमार करू नका. पूर्ण भानावर येईपर्यंत कुणीतरी शेजारी बसून राहावं.

पाहणाऱ्याने काय पाहायचं

माणूस सुरक्षित आहे असं दिसलं की मोबाइल काढा आणि व्हिडिओ घ्या. आमच्या घरात यावरून वाद झाला होता. नवऱ्याला ते क्रूरपणाचं वाटायचं, अशा अवस्थेत बायकोचं शूटिंग काय करायचं. पण एका डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून मला झोपेची गोळी देऊन परत पाठवलं होतं, आणि पुढे न्यूरॉलॉजिस्टनी मुलीने घेतलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाहून पहिल्याच भेटीत सांगितलं की हे मेंदूच्या एका भागातून सुरू होणारं फिट आहे. व्हिडिओत पूर्ण शरीर आणि चेहरा येऊ द्या, आणि मधेच नावाने हाक मारा, "हात वर कर" म्हणा. प्रतिसाद मिळतो की नाही, हे डॉक्टरांना त्यातून कळतं.

त्याच दिवशी लिहून काढायचं ते असं: सुरुवात कशी झाली, मान आणि डोळे कुठल्या बाजूला वळले, डोळे उघडे होते की मिटलेले, झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच हातात, चेहऱ्याचा रंग कसा होता, जिभेच्या कडेला चावा बसला का, कपडे ओले झाले का, पूर्ण भानावर यायला किती मिनिटं लागली. आणि रुग्णाने स्वतः लिहायची एक गोष्ट: आधी काही जाणवलं का? मला पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखं होतं आणि जळक्या रबराचा वास येतो. कित्येक वर्षं मला ती ॲसिडिटी वाटत होती. तीच फिटची सुरुवात असते, डॉक्टर तिला ऑरा म्हणतात.

हे फिटच आहे का?

भान हरपतं किंवा अंग झटके देतं ते प्रत्येक वेळी अपस्मारच, म्हणजे फिटचा आजारच, असतं असं नाही, आणि चुकीचं नाव पडलं तर वर्षानुवर्षं चुकीच्या गोळ्या पोटात जातात.

उभं राहून, उन्हात, रक्त पाहून किंवा इंजेक्शनच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी येणं, दरदरून घाम, पांढराफटक चेहरा, पडणं आणि आडवं होताच मिनिटाभरात शुद्धीवर येणं ही बहुतेक वेळा भोवळ असते. भोवळीतही दोन-चार झटके येऊ शकतात, आणि तिथेच लोक फसतात. धावताना किंवा जिना चढताना शुद्ध गेली, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असलं, तर हृदयाच्या ठोक्यांची तपासणी आधी. मधुमेह असेल तर साखर. वयस्कर माणसं रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर रक्तातलं सोडियम.

आणखी एक प्रकार आहे, त्याबद्दल घरोघर फार अन्याय होतो. काही झटके मेंदूतल्या विजेच्या गडबडीतून येत नाहीत. मनावरचा ताण किंवा जुना आघात शरीरातून असा बाहेर पडतो. त्यात बरेचदा डोळे घट्ट मिटलेले असतात, डोकं दोन्ही बाजूंना हलतं, झटका कमी-जास्त होत दहा-वीस मिनिटं चालतो. याला नाटक म्हणू नका. त्या माणसाचा त्यावर ताबा नसतो. फिटच्या गोळ्यांचा यावर उपयोग होत नाही, समुपदेशनाचा आणि मानसोपचाराचा होतो. काहींना दोन्ही प्रकारचे झटके येतात, म्हणून हा निवाडा घरी करायचा नाही आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

तपासण्या

इइजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख. शॉक वगैरे काही नसतो. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, आणि रात्री कमी झोपायला सांगितलं असेल तर ते पाळा, कारण झोपेत गडबड जास्त पकडली जाते. तंत्रज्ञ जोरजोरात श्वास घ्यायला लावतात आणि डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात. पण पहिला इइजी नॉर्मल आला म्हणजे फिट नाही असं होत नाही. अपस्मार असलेल्या साधारण निम्म्याच लोकांचा, कधी त्याहून कमी लोकांचा, पहिला आलेख काही दाखवतो. माझा पहिला कोरा होता. शंका उरली तर झोपेतला मोठा इइजी किंवा रुग्णालयात राहून व्हिडिओ-इइजी करतात.

एमआरआयमध्ये माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला एक लहान कॅल्शियम साठलेला ठिपका निघाला. फीतकृमीच्या अंड्यांतून मेंदूत झालेल्या गाठीची ती खूण. आमच्या घरात कुणी मांसाहार करत नाही, त्यामुळे सासूबाईंना ते पटेना. फीतकृमी डुकराच्या कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो हे खरं, पण मेंदूतली गाठ त्या कृमीच्या अंड्यांमुळे होते, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, मातीत आणि तिथून न धुतलेल्या कोथिंबिरीवर, मुळ्यावर, कुणाच्या तरी हातांवर येतात. भारतात फिटचं हे एक मोठं कारण आहे. तेव्हापासून कोथिंबीर मी तीन पाण्यांतून काढते.

एकच फिट आली म्हणजे लगेच आयुष्यभराचा अपस्मार ठरत नाही. तात्कालिक कारण नसताना चोवीस तासांहून जास्त अंतराने दोन फिट आल्या, किंवा एकच आली पण तपासण्यांवरून पुन्हा येण्याचा धोका मोठा दिसला, तर डॉक्टर तसं निदान करतात. खर्चाची अडचण असेल तर पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा आणि जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या.

रोजमेळ आणि खतावणी

ठिपका हे माझ्या आजाराचं कारण. पण तो ठिपका तर रोजच तिथे आहे, मग फिट मंगळवारीच का आली? त्या दिवशी काय झालं, ते निमित्त. डॉक्टर त्याला ट्रिगर म्हणतात. कारण आपल्या हातात नसतं, निमित्तं बऱ्याच अंशी असतात.

निमित्त शोधताना सगळे एकच चूक करतात: फिट आली की मागे वळून आठवतात, काय खाल्लं होतं? सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात ठरवलं की दही बाधतं. हिशेबाच्या धंद्यात आम्ही असं करत नाही. आधी रोजमेळ, म्हणजे रोजचं रोज लिहायचं, काही घडो न घडो. मग त्यावरून खतावणी, म्हणजे एकेका नावाचं खातं.

माझ्या वहीत रोज रात्री एक ओळ असते. तारीख, किती तास झोप, सकाळची गोळी किती वाजता, रात्रीची किती वाजता, पाळीचा कितवा दिवस, उपवास किंवा चुकलेलं जेवण, ताप-सर्दी, नवीन औषध, जास्तीचा ताण किंवा प्रवास, आणि शेवटी फिट किंवा नुसता ऑरा. त्यातली एक ओळ अशी: "शनि. झोप ५ तास. स. ८:१०, रा. गोळी सासवडला जाताना घरी राहिली. पाळीच्या आधीचा दिवस. रवि. पहाटे ऑरा, ७:४० ला फिट, दीड मिनिट." लिहायला अर्धं मिनिट लागतं. फिट न आलेले दिवस लिहिणं सर्वांत महत्त्वाचं, कारण त्यांच्याशिवाय तुलनाच होत नाही.

पाच महिन्यांनी, म्हणजे दीडशे दिवसांनी, खतावणी केली. चौदा दिवशी फिट आली होती. दही चौदापैकी अकरा दिवशी खाल्लेलं. झालं, सापडला चोर, असं वाटतं. पण दही मी दीडशेपैकी एकशेवीस दिवस खाल्लं होतं: अकरा दिवसांतून एकदा फिट. न खाल्लेल्या तीस दिवसांत तीन फिट: दहातून एकदा. म्हणजे दह्याचा काही संबंध नाही. आता झोपेचं खातं. सहा तासांहून कमी झोपेचे दिवस एकतीस, त्यांत फिट नऊ. उरलेल्या एकशेएकोणीस दिवसांत पाच. आणि गोळीचं खातं: दोन तासांहून जास्त उशीर झालेले किंवा गोळी चुकलेले दिवस फक्त बारा, आणि त्यांत फिट सहा. झोपही कमी आणि गोळीही उशिरा असे दिवस सात होते, त्यांतल्या पाच दिवशी फिट.

हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे निघतील, आणि एवढ्या थोड्या नोंदींवरून कोर्टातला निकाल देता येत नाही. पण त्या कागदावर डॉक्टर प्रथमच पेन खाली ठेवून दहा मिनिटं माझ्याशी बोलले. माझ्या लक्षात आलं ते असं की एकेकटं निमित्त मी बहुतेक वेळा सोसते. दोन-तीन एकावर एक चढली की बांध फुटतो. मार्चअखेरचं जागरण टळणार नसेल तर त्या आठवड्यात गोळीचा गजर दोन मोबाइलवर लावायचा आणि उपवास धरायचा नाही, इतकं तरी माझ्या हातात असतं.

एका गोष्टीने फसू नका. कधी कधी आपण ज्याला निमित्त समजतो ती फिटचीच सुरुवात असते. दिवसभर चिडचिड झाली आणि संध्याकाळी फिट आली, तर चिडचिडीने फिट आली असंच काही नाही. फिट यायची होती म्हणून चिडचिड झाली असंही असतं.

वहीत कुठली खाती उघडायची

चुकलेली गोळी आणि अपुरी झोप ही दोन खाती सर्वांनी उघडावीत. पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटेपर्यंत चहावर जागतात, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत रात्रपाळ्या असतात. अशा मुलांची पहिली फिट अनेकदा जागरणानंतरच्या सकाळी येते. सकाळी उठल्यावर हातातला ब्रश किंवा कप झटक्याने उडतो का, हे त्यांना मुद्दाम विचारा आणि डॉक्टरांना सांगा, त्यावरून औषधाची निवड बदलते. दारूचा धोका ती पिताना असतो त्याहून जास्त ती उतरताना आणि अचानक सोडताना असतो.

उपवासाच्या दिवशी गोळी न घेणं हे मी कितीतरी घरांत पाहिलं. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींत औषध येतं, हे जुन्या श्लोकातच सांगितलेलं आहे. गोळी घ्या. दिवसभर पोट रिकामं ठेवून फिट येत असेल तर उपवास सोडून द्या, देव रागावणार नाही.

काही औषधं फिटचा बांध खाली आणतात: ट्रामाडॉल हे वेदनाशामक, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या काही गोळ्या. काही अँटिबायोटिक फिटच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वर-खाली करतात. केमिस्टकडून सर्दीची गोळी घेतानासुद्धा "मला फिटचा आजार आहे" हे वाक्य आधी बोला. कापूर आणि निलगिरीचं तेल यांनीही फिट येऊ शकते. लहान मुलांच्या हाती कापूर लागू देऊ नका, आणि बाम-वाफाऱ्याचं खातं वहीत उघडा. डोक्यावर कढत पाणी घेताना येणारी फिट हा वेगळा प्रकार आहे, दक्षिण भारतात तो जास्त नोंदला गेला आहे. न्हाणीघरातच फिट येत असेल तर दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही पाणी कोमट ठेवा आणि डॉक्टरांना नेमकं हेच सांगा.

लुकलुकणाऱ्या दिव्यांची भीती सर्वांना असते, पण त्याने फिट येणारे थोडे असतात. इइजीतल्या दिव्याच्या चाचणीत ते कळतं. तुम्ही त्यांतले असाल तर विसर्जन मिरवणुकीतल्या झगमगाटात एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मान वळवून बाजूला व्हा. बाकीच्यांना गणपतीचे दहा दिवस जड जातात ते जागरणाने आणि चुकलेल्या गोळीने.

गोळ्या

औषध फिटच्या प्रकारावर ठरतं, म्हणून शेजारणीची गोळी आपल्याला चालत नाही. कार्बामाझेपिन एका भागातून सुरू होणाऱ्या फिटसाठी चांगलं, पण सकाळी हात उडणाऱ्या प्रकारात त्याने आजार वाढू शकतो. मला तेच दिलं होतं. दहाव्या दिवशी मानेवर आणि छातीवर लाल पुरळ उठलं. तीन फोन करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं, त्यांनी ते थांबवून दुसरं सुरू केलं. फिटची नवी गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्यातली काही रिॲक्शन जिवावर उठते. लॅमोट्रिजिन याच कारणाने फार हळूहळू वाढवतात.

दुसरी गोळी लेव्हेटिरासिटॅम. फिट कमी झाल्या, पण मी घरात सगळ्यांवर खेकसू लागले. मुलीचा कप फुटला म्हणून ती रडेपर्यंत मी ओरडले. तो माझा स्वभाव नव्हता, काहींना या गोळीने तसं होतं. मी ते वहीत लिहीत गेले, म्हणून डोस बदलता आला. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, आणि त्याचा डोस थोडासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उडी मारू शकतं. चालताना झोक जायला लागला तर कळवायचं. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, हात थरथरतात, केस गळतात. कुठल्याही गोळीने मन फार खचलं, जीव नकोसा वाटला, तर ते लपवू नका.

सवयी थोड्याच आहेत, पण त्या मोडू नका. दोन वेळांच्या गोळीत बारा तासांचं अंतर. आठवड्याच्या खणांची डबी, म्हणजे "घेतली की नाही?" हा प्रश्न राहत नाही. पाकिटात दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या. गोळी चुकली तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनाने दुप्पट घेऊ नका. पंधरा दिवसांचा साठा उरला की नवीन आणा. एकदा आमच्याकडच्या केमिस्टने न सांगता वेगळ्या कंपनीची पट्टी दिली, मी न बघता घेतली आणि नेमका त्याच आठवड्यात झटका आला. ते गोळीमुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण आता पट्टीवरचं नाव, कंपनी आणि मिलिग्रॅम वाचल्याशिवाय पैसे देत नाही. बदल करायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून करते आणि वहीत तारीख टाकते.

गोळी एकदम बंद कधीच करू नका. बरं वाटतंय म्हणून बंद केलेल्या गोळीनंतर न थांबणारी फिट येऊ शकते. दोन वर्षं किंवा जास्त काळ फिट आली नाही तर कमी करण्याचा विचार डॉक्टर करतात, तोही काही महिने लावून.

बाईच्या अंगाने

पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि पाळीचे पहिले दिवस काहींना जड जातात. माझ्या चौदापैकी आठ फिट त्याच दिवसांतल्या होत्या. वहीतून हे दिसल्यावर डॉक्टरांनी तेवढ्या दिवसांपुरती क्लोबाझाम या फिटच्याच आणखी एका गोळीची जोड दिली, आणि मला खरा फरक तिथून पडला.

मूल होण्याच्या वयाच्या मुलीला व्हॅल्प्रोएट दिलं असेल तर स्पष्ट विचारा, दुसरा पर्याय आहे का. गरोदरपणात ते चालू राहिलं तर साधारण दहांतल्या एका बाळात जन्मतः व्यंग येतं आणि मुलांच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो. पण दिवस गेल्याचं कळताच घाबरून गोळी बंद करणं आईच्या आणि बाळाच्या दोघांच्याही जिवावर येतं. दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटा, फॉलिक ॲसिड सुरू करा. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो, आणि गर्भनिरोधक गोळीमुळे लॅमोट्रिजिनचं प्रमाण खाली येतं. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही दोन्हींची यादी द्या.

लग्नाचं बोलणं लपवाछपवीवर करू नका. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अट १९९९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे अपस्मार आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. पण लपवलेल्या आजारात मुलगी सासरी चोरून गोळ्या घेते, आणि पहिली चुकते ती रात्रीचीच गोळी. पुण्यात संवेदना फाउंडेशनचा अपस्मार असणाऱ्यांसाठी मदतगट आहे. अशा गोष्टी तिथे मोकळेपणाने बोलता येतात.

गाडी आणि घर

पुण्यात दुचाकी सोडायची म्हणजे पाय काढून दिल्यासारखं. मी ॲक्टिव्हाची किल्ली नवऱ्याच्या हाती दिली त्या रात्री खूप रडले. पण लर्निंग लायसन्सच्या अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये अपस्मार किंवा अचानक शुद्ध जाण्याचा त्रास आहे का, हे थेट विचारलेलं असतं, आणि कर्वे रोडवर दीड मिनिट भान जाणं म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. मी वनाजवरून मेट्रो धरते, पुढे बस. फलाटावर भिंतीच्या बाजूला उभी राहते.

न्हाणीघराला आतून कडी नाही, दाराला एक फडकं लावलं की आत कुणीतरी आहे हे कळतं. स्टुलावर बसून बादली-तांब्याने अंघोळ. गॅसवर मागचं बर्नर, भांड्यांच्या दांड्या आत वळवलेल्या, उकळतं पातेलं उचलण्याऐवजी ओगराळ्याने काढून घ्यायचं. पोहायला जाल तर काठावर फिटची माहिती असलेलं माणूस हवंच. बाकी शाळा, नोकरी, सहल, व्यायाम यांतलं काही उगाच बंद करू नका.

गोळ्या पुरत नाहीत तेव्हा

साधारण दोन-तृतीयांश लोकांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात येतात. योग्य निवडलेल्या दोन गोळ्या पुरेशा डोसमध्ये नीट घेऊनही फिट चालूच असतील, तर तिसरी-चौथी-पाचवी करत दहा वर्षं घालवू नका. तेव्हा अपस्मारावर खास काम करणाऱ्या केंद्रात जाऊन विचारा: निदान बरोबर आहे का, शस्त्रक्रिया होऊ शकते का? मेंदूच्या एकाच जागेतून फिट येत असतील आणि ती जागा काढता येण्यासारखी असेल तर शस्त्रक्रियेने अनेकांच्या फिट थांबतात. मुंबईत केईएम रुग्णालयात आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हे काम होतं. काही मुलांना कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय, आहाराचा उपयोग होतो, पण तो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

पर्समधलं कार्ड

माझ्या कार्डावर एवढंच आहे: "मला अपस्मार आहे. फिट दोन मिनिटांत थांबते. तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८." खाली गोळ्यांची नावं आणि नवऱ्याचा नंबर. झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून घेतलं. एक पर्समध्ये असतं, आणि दुसरं आडतीवर गल्ल्याशेजारच्या भिंतीला चिकटवलंय, कारण तिथल्या हमालांनी मला एकदा पडताना पाहिलं होतं आणि पुढच्या वेळी काय करायचं ते त्यांनीच विचारलं.